बॅकयार्डमधले पेअर: लावायचे कसे, सांभाळायचे कसे आणि मुख्य म्हणजे उतरवायचे कधी

ओरेगॉनमध्ये पोर्टलंडच्या आसपास, हिल्सबोरो बीव्हर्टन भागात जुनं घर घेतलं की मागच्या अंगणात बऱ्याचदा पेअरचं, म्हणजे नाशपातीचं, झाड निघतं, आणि ऑगस्ट सप्टेंबर आला की मराठी ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, झाड फळांनी लगडलंय पण फळं एकतर कडक कचकचीत नाहीतर आतून तपकिरी आणि पिठूळ, झाडच खराब आहे का, तोडून टाकू का. नका तोडू. बहुतेक वेळा झाड ठणठणीत असतं, फळ उतरवायची वेळ चुकलेली असते, बस.

आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं की झाडावर पिकलेलं फळ सगळ्यात गोड. पेरू, चिकू, सीताफळ लावलेल्या घरातून आलेली माणसं आपण, त्यामुळे पेअर पिवळा व्हायची वाट बघत बसतो. पण युरोपियन पेअर आतून बाहेर पिकतो, म्हणजे वरून पिवळा आणि मऊ दिसेपर्यंत गाभा सडायला लागलेला असतो. हापूसचं आठवा ना, कोकणात झाडावर केशरी व्हायची वाट कोणी बघत नाही, फळ तयार झालं की हिरवं टणकच देठासकट झेल्यानं उतरवतात आणि घरात अढी घालतात. पेअरचं तसंच आहे, फरक एवढाच की याला अढीच्या आधी थंडी द्यावी लागते. एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धं काम झालं, बाकीचं सविस्तर खाली लिहितोय.

आधी झाड कुठलं आहे ते बघा

पेअरचे ढोबळ दोन प्रकार. एक युरोपियन, खाली जाड वर निमुळता, पिकल्यावर लोण्यासारखा मऊ आणि रसाळ. बार्टलेट, बॉस्क, आंजू, कॉमिस हे सगळे यातले. दुसरा एशियन, गोल सफरचंदासारखा दिसणारा, काहींची साल तपकिरी खरखरीत, काहींची पिवळट गुळगुळीत, आणि खाताना कुरकुरीत, भरपूर पाणी. होसुई, शिनसेकी, निजिस्सेकी हे एशियन. एशियन पेअर मात्र झाडावरच पिकू द्यायचे, म्हणून तुमच्याकडे कुठला आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

आणि तिसरंही एक झाड असतं, मार्चमध्ये पांढऱ्या फुलांनी पूर्ण झाकलेलं, वासाला वाईट, आणि फळं गोटीएवढी. ते कॅलरी किंवा ब्रॅडफर्ड पेअर, शोभेचं झाड, त्याची फळं खायची नसतात. हे झाड इतकं पसरतं की ओहायोमध्ये २०२३ पासून ते विकायलाच बंदी आहे. ते निघालं तर खुशाल काढा.

नवीन लावत असाल तर

एकच झाड लावून भागत नाही. पेअरला परागीभवनासाठी जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं, आणि दोघांची फुलं एकाच वेळी यायला हवीत. बार्टलेट आणि बॉस्क, किंवा बार्टलेट आणि आंजू, या जोड्या चालतात. बार्टलेट आणि सेकेल ही जोडी मात्र चालत नाही, एकमेकांना उपयोगाचे नाहीत, नर्सरीवाला सांगेलच असं नाही. एशियनला फुलं जरा आधी येतात त्यामुळे एशियन लावायचे तर दोन वेगवेगळे एशियन लावा. जागा एकाच झाडाची असेल तर तीन चार जातींची कलमं एकाच खोडावर बांधलेली झाडं मिळतात ती घ्या, फक्त त्यातली एखादी जात जोरात वाढून बाकीच्यांना दाबते, तेव्हा तिला दरवर्षी जास्त छाटावं लागतं.

दुसरं म्हणजे हिवाळ्याची थंडी. बार्टलेटसारख्या जातींना हिवाळ्यात साधारण ८०० तास ४५ फॅरनहाइटच्या खाली जावे लागतात, नाहीतर फुलोरा धड येत नाही. ओरेगॉन, वॉशिंग्टन, न्यू जर्सी, मिशिगन इथे तो प्रश्नच नाही. ह्यूस्टन किंवा दक्षिण कॅलिफोर्नियावाल्यांनी कमी थंडीवर भागणाऱ्या जाती घ्याव्यात, कीफर, हूड, किंवा एशियनमधला शिनसेकी. यूकेमध्ये असाल तर नर्सरीत विल्यम्स मागा, तोच आपला बार्टलेट, अमेरिकेत एनॉक बार्टलेट नावाच्या गृहस्थाने १८१७ च्या सुमारास त्याचा प्रसार केला म्हणून इथे त्याचं नाव चिकटलं. तिकडे कॉन्फरन्स ही जातही घरासाठी चांगली, एकट्याने थोडीफार फळं धरते. पुण्यात लावू का असं आईबाबा विचारतात, तर सरळ उत्तर नाही, तेवढी थंडी तिथे पडत नाही. भारतात पेअर मुख्यतः काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात होतो, आणि पंजाबात पत्थरनाख नावाची कमी थंडीवर येणारी कडक जात आहे.

मला विचाराल तर पहिल्यांदा लावणाऱ्याने एक बार्टलेट आणि एक कॉमिस लावावा. कॉमिस फळायला उशीर करतो, नखरे करतो, पण चवीत त्याच्या जवळ दुसरा पेअर नाही, आणि आपल्या ओरेगॉनच्या दक्षिणेला मेडफर्डच्या आसपास तो जगात सगळ्यात भारी पिकतो असं मी छातीठोक सांगतो. पावसाळी गरम हवेच्या भागात, म्हणजे पूर्वेकडच्या राज्यांत राहत असाल तर मात्र फायर ब्लाइटला, म्हणजे फांद्या जळल्यासारख्या काळ्या पाडणाऱ्या रोगाला, तोंड देणारी जात बघा, हॅरो स्वीट, पोटोमॅक, वॉरन वगैरे, कारण तिकडे बार्टलेट टिकवणं जिकिरीचं होतं.

लावायची वेळ हिवाळ्याचा शेवट, जानेवारी ते मार्च, तेव्हा बेअर रूट म्हणजे मातीशिवाय नुसत्या मुळांची रोपं स्वस्तात मिळतात. खड्डा खणायच्या आधी ८११ ला फोन करा किंवा ऑनलाइन कळवा, ते फुकटात येऊन जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइन कुठून जातात ते रंगाने आखून देतात. हे टाळू नका. जागा अशी बघा की दिवसाला निदान सहा ते आठ तास ऊन मिळेल. पेअर सफरचंदापेक्षा चिकणमाती जास्त सहन करतो पण पाणी साचून राहणारा कोपरा नको. खड्डा खोल कमी आणि रुंद जास्त, मुळं मोकळी पसरतील एवढा, आणि कलमाचा जोड, खोडावर जिथे वाकडी गाठ दिसते तो, मातीच्या दोन तीन इंच वर राहिला पाहिजे, तो गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि छोटं राहायला हवं ते झाड अवाढव्य होतं. खड्ड्यात शेणखत, खताच्या गोळ्या काही घालू नका, काढलेलीच माती परत भरा, पाणी द्या, आणि वरून लाकडाच्या भुश्याचं आच्छादन करा, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका नाहीतर साल कुजते आणि उंदीर खोड कुरतडतात.

पहिली काही वर्षं

फळ लगेच येत नाही, एशियनला तीन चार वर्षं लागतात आणि युरोपियनला चार ते सहा, कधी त्याहून जास्त. या काळात दोनच कामं, पाणी आणि फांद्यांना वळण. ओरेगॉनला पाऊस भरपूर हे खरं पण जुलै ते सप्टेंबर जवळजवळ कोरडा जातो, तेव्हा आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, रोज थोडं थोडं शिंपडू नका.

पेअरच्या फांद्या सरळ वर जातात, खोडाला समांतर, आणि अशा उभ्या फांदीवर फळ कमी आणि पालाच जास्त. म्हणून फांदी कोवळी, पेन्सिलएवढी असताना तिला आडवी करायची. कोवळ्या फुटव्याच्या बेचक्यात कपडे वाळवायचा चिमटा लावला तरी ती बाहेर झुकते, मोठी असेल तर दोरीने जमिनीतल्या खुंटीला बांधा, साधारण ६० अंशाचा कोन आला की पुरे. एका उन्हाळ्यात लाकूड तसंच पक्कं होतं मग दोरी सोडायची.

खत जपून. नवीन फूट वर्षाला दोन फुटांच्या आसपास वाढत असेल तर खताची गरजच नाही. लॉनला घालतो ते नायट्रोजनवालं खत झाडाखाली पडलं की लुसलुशीत फूट येते आणि रोग पहिला त्याच फुटीवर बसतो.

जुनं झाड मिळालं असेल तर

पेअरचं झाड फार जगतं. मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनव्हर्सला सतराव्या शतकात लावलेलं एंडिकॉट पेअरचं झाड अजून उभं आहे आणि फळंही देतं, त्यामुळे चाळीस वर्षांचं झाड म्हातारं झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. छाटणी करा. हिवाळ्याच्या शेवटी, कळ्या फुगायच्या आधी, कोरडा दिवस बघून. आधी वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, मग मधूनच सरळ वर गेलेले वॉटरशूट. एका वर्षात पाव झाडापेक्षा जास्त कापू नका, एकदम बोडकं केलं की पुढच्या वर्षी वॉटरशूटचं जंगल उगवतं. उंची दोन तीन वर्षांत हळूहळू खाली आणायची म्हणजे काढणी हाताशी येते. आणि छाटताना फांदीवर जे आखूड, सुरकुतलेले, जाडसर कोंब दिसतात ते अजिबात कापू नका, फळ तिथेच लागतं आणि तोच कोंब वर्षानुवर्षं फळ देतो.

फुलांपासून फळापर्यंत

पेअरच्या फुलात साखर कमी असते, मधमाश्या त्याच्यापेक्षा शेजारच्या डँडेलायनवर जायला खूश असतात, म्हणून फुलोरा असताना खालचं गवत आणि डँडेलायन कापून ठेवा. या दिवसांत कुठलंही कीटकनाशक फवारायचं नाही, सेंद्रिय असलं तरी नाही.

मग विरळणी. हे करायला जीव होत नाही हे मला माहितीय, पण करा. फळं सुपारीपेक्षा छोटी असतानाच एका घोसात एकच, फार तर दोन ठेवा, एशियनला तर एकच आणि दोन फळांत पाच सहा इंच अंतर. नाही केली तर फळं लिंबाएवढी राहतात, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं.

कीड कुठली म्हणाल तर आमच्याकडे मुख्य कॉडलिंग मॉथ, त्याची अळी फळात शिरून गाभ्यापर्यंत जाते, बाहेर भुशासारखी घाण दिसते. दोन तीन झाडं असतील तर सगळ्यात सोपं म्हणजे विरळणी करतानाच प्रत्येक फळाला कागदी पिशवी घालून देठापाशी बांधून टाकणं, औषध मारावंच लागत नाही. वेळखाऊ आहे, पण मुलांना बरोबर घेतलं तर एका शनिवारी होतं. खाली पडलेली फळं रोज उचला, अळी त्यातूनच बाहेर पडून पुढची पिढी काढते.

रोगांत सगळ्यात वाईट फायर ब्लाइट. वसंतात फुलं आणि कोवळी फांदी अचानक काळी पडते, जळल्यासारखी, आणि शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकतो. हा जिवाणू आहे, फांदीतून खाली खोडाकडे सरकतो, त्यामुळे वाट बघू नका, कोरड्या हवेत काळ्या भागाच्या निदान ८ ते १२ इंच खाली कापा, प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि कापलेलं कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. पानांवर भडक नारिंगी ठिपके दिसले तर तो गंज, ट्रेलिस रस्ट, तो ज्युनिपरच्या झुडपावरून येतो, दिसायला भीतीदायक पण थोडा असेल तर झाड मरत नाही.

उतरवायची वेळ कशी ओळखायची

आता मुख्य मुद्दा. आमच्या विलामेट व्हॅलीत बार्टलेट साधारण ऑगस्टच्या मध्यापासून तयार होतो, बॉस्क आणि आंजू सप्टेंबरात, कॉमिस सगळ्यात शेवटी, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. पण कॅलेंडरवर पूर्ण भरवसा ठेवू नका, उन्हाळा तापला तर आठवडा दीड आठवडा आधी येतात. फळालाच विचारायचं.

झाडावर लटकलेला पेअर तळहातात घ्या, ओढू नका, नुसता वर उचलून आडवा करा, म्हणजे देठाशी काटकोन होईल असा. फळ तयार असेल तर देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथून टक असा आवाज होऊन सुटतो, जोर लावावाच लागत नाही. नाही सुटला तर परत खाली सोडा आणि तीन चार दिवसांनी या. ओढून काढलात तर कोंब तुटून येतो, आणि तो तुटला म्हणजे पुढच्या वर्षांची फळं पण गेली.

दुसरी खूण सालीवर. जवळून बघा, सालीवर बारीक ठिपके असतात, कच्च्या फळात ते पांढरट असतात आणि तयार झालं की तपकिरी, बुचासारखे होतात. रंगही गडद हिरव्याचा फिका हिरवा होतो, पिवळा नाही, फिका हिरवा. तिसरी खूण म्हणजे चांगली, अळी नसलेली फळं आपोआप एखाद दुसरी खाली पडायला लागतात. अळी पडलेली फळं आधीच पडतात त्यांना धरू नका. शंका असेल तर एक फळ कापा, बिया पांढऱ्याच्या तपकिरी झाल्यात का बघा, पण नुसत्या बियांवर जाऊ नका, बाकीच्या खुणांशी ताडून बघा.

दाबून बघणं इथे कामाचं नाही. यावेळी फळ कडकच लागणार, चावून बघाल तर पाणचट आणि तुरट लागेल, आणि तेच बरोबर आहे.

सगळं झाड एका दिवसात उतरवू नका. वरची आणि बाहेरच्या बाजूची उन्हातली मोठी फळं आधी, मग चार पाच दिवसांनी आतली, असे दोन तीन हात मारा. देठ फळालाच राहू दे, देठ निघाला की तिथून सड सुरू होते. बादलीत टाकू नका, ठेवा, कारण एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत घुसतो आणि तिथे डाग पडतो. उंचावरच्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानात लांब दांड्याची टोपली मिळते, आपला झेलाच तो. घरातली चार पायांची शिडी ओल्या गवतावर डुगडुगते, शिडीची गरज असेलच तर तीन पायांची बागेची शिडी वापरा, आणि हात पोचत नाही ती फळं खारींना सोडून द्या.

थंडी, मग अढी

काढलेली फळं धुवू नका, खरचटलेली बाजूला काढा, ती आधी संपवायची. बाकीची भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून फ्रिजमध्ये. ३२ फॅरनहाइटच्या जितकं जवळ तितकं चांगलं, पण घरातल्या फ्रिजमध्ये ३६-३८ असतं तेही चालतं. बार्टलेटला चार पाच दिवस ते आठवडा पुरतो, बॉस्क आणि कॉमिसला तीन चार आठवडे, आंजूला तर सहा ते आठ आठवडे द्या. ही थंडी मिळाल्याशिवाय बाहेर ठेवलं तर फळ धड पिकत नाही, नुसतं सुरकुततं. पेअर इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडतो त्यामुळे त्याच खणात कोथिंबीर मेथी ठेवू नका, दोन दिवसांत पिवळी पडते. गॅरेजमध्ये जुना फ्रिज असेल तर तो या कामाला उत्तम.

मग खायच्या आधी पाच सात दिवस लागतील तेवढीच बाहेर काढा. स्वयंपाकघरात ६५ ते ७० फॅरनहाइटला ठेवा, उन्हात नाही. ८५ च्या वर गेलं तर बार्टलेट नीट पिकत नाही, त्यामुळे उष्णतेची लाट असेल तेव्हा फ्रिजमध्येच राहू द्या. घाई असेल तर कागदी पिशवीत एक केळं घालून तोंड बंद करा, दोन तीन दिवस लवकर होतं. रोज एकदा देठाजवळ, फळाच्या मानेवर अंगठ्याने हळूच दाबा. मान जरा दबली की फळ तयार, त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी खा. पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा गेला. रंगावर फक्त बार्टलेटचं कळतं, तो पिवळा होतो, आंजू पिकला तरी हिरवाच राहतो आणि बॉस्क तपकिरीच असतो, म्हणून मान दाबून बघायची सवय लावा.

एशियन पेअरचं वेगळं

याला ना थंडी लागते ना अढी. तपकिरी जातींत हिरवट झाक जाऊन सोनेरी आली, पिवळ्या जातींत हिरव्याचा पिवळट हिरवा झाला, की एक तोडून चाखून बघा, गोड आणि कुरकुरीत लागला तर फळं तयार. फळ कडक दिसतं पण साल फार नाजूक, बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तपकिरी उमटतात, त्यामुळे अंड्यासारखं हाताळा. फ्रिजमध्ये हे दोन तीन महिने सहज टिकतात, होसुई थोडा कमी.

ढीग झाल्यावर

मोठं झाड शंभर दोनशे पौंड सहज देतं, एका कुटुंबाला संपत नाही. पोर्टलंडमध्ये पोर्टलंड फ्रूट ट्री प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, लोकांच्या घरच्या झाडांची जास्तीची फळं गरजूंपर्यंत पोचवतात, त्यांना विचारा. फूड बँकेत द्यायचे तर कडकच द्या, पिकलेले वाटेतच चेंदामेंदा होतात. घरी करायला, कडक बॉस्कचा मुरंबा वेलची केशर घालून सुंदर होतो कारण शिजल्यावरही फोड मोडत नाही, एशियनची दही मोहरीची कोशिंबीर करा, आणि बार्टलेट जरा कच्चा असतानाच किसून सासव करून बघा, ओलं खोबरं, मोहरी, सुकी मिरची, गूळ कमी. बाटल्यांत भरून वर्षभरासाठी ठेवायचे असतील तर एक लक्षात घ्या, एशियन पेअरमध्ये आम्लता कमी असते, त्यामुळे प्रत्येक क्वार्टच्या बरणीत दोन टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घालायचाच, ताज्या लिंबाचा नाही, कारण त्याचा आंबटपणा दर लिंबाला बदलतो.